टॉवेलवाल्याला विचारा : ओसाका

गेल्या अंकात ओसाकाविषयीचं माझं दोन पानी टिपण छापून आलं. मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचे माग आहेत, थोडा माल ओसाकाच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे जातो, त्या निमित्ताने माझीही तिकडे फेरी होते. टिपणात मी एवढंच म्हटलं होतं की शहर बघायचं तर किल्ला आणि दोतोनबोरीचे दिवे नंतर बघा, आधी सकाळी साडेसातला एखाद्या राहत्या गल्लीत जाऊन उभे राहा. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देतोय. सहलीचा खर्च, व्हिसाचा एजंट आणि चेरीच्या फुलांची तारीख विचारणाऱ्यांनी माफ करावं, त्या वाटेला मी कधी गेलो नाही.

प्रश्न : मी माळकरी आहे. अंडं-मासळी शिवत नाही. मुलाकडे ओसाकाला जायचा योग आहे आणि कार्तिकी एकादशी तिथेच येते. उपाशी राहावं लागेल का?
— एक वारकरी, पंढरपूर

उत्तर : माऊली, उपाशी राहणार नाही, पण सावध राहावं लागेल. तिथे मासा ताटात दिसत नाही, तो पाण्यात असतो. समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस उकळून जे पाणी काढतात त्याला दाशी म्हणतात. उदोन नावाच्या जाड शेवया त्याच पाण्यात येतात, मिसो सूप त्यातलंच, आणि भाजी साधी उकडलेली दिसली तरी तीही बहुतेक त्याच पाण्यात शिजलेली. कोबीचं थालीपीठ म्हणून आपण ज्याच्याकडे आशेने बघतो त्या ओकोनोमियाकीच्या पिठातही दाशी आणि अंडं असतं. ‘यात मांस नाही ना?’ असं विचारलंत तर दुकानदार अगदी खरेपणाने ‘नाही’ म्हणेल. त्याच्या हिशेबात माशाचं पाणी म्हणजे मांस नव्हे. म्हणून मुलाकडून जपानीत एक चिठ्ठी लिहून घ्या : मांस नको, मासा नको, अंडं नको, माशाची दाशीही नको. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची.

पांढरा भात सगळीकडे मिळतो आणि उत्तम असतो. टोफू घ्या, वर सोया सॉस. कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानांत भाताचे त्रिकोणी गोळे मिळतात, त्यातला खारवलेल्या आंबट उमे फळाचा त्यातल्या त्यात बरा. तरी फोनवर फोटो काढून मागचं लेबल भाषांतर करून वाचा, कारण चवीसाठी माशाचा अर्क कुठेही शिरतो. ‘इंडियन’ पाटीची हॉटेलं पुष्कळ आहेत. चालवणारे बहुतेक नेपाळी बांधव, हिंदी समजतं, डाळ मिळते. नान मात्र ताटाबाहेर लोंबेल एवढा मोठा आणि गोडसर. कोबे शहर ओसाकाहून रेल्वेने अर्ध्या तासावर आहे. तिथे गुजराती, सिंधी व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे, आणि कितानो भागात १९८५ मध्ये बांधलेलं संगमरवरी जैन मंदिरही आहे. एखादा दिवस तिकडे काढता येईल.

मी स्वतः कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन जातो. दोन्हीला काही होत नाही. फळं आणि मांसाचे पदार्थ विमानतळावर काढून घेतात, तेव्हा पिशवीत डाळिंब टाकू नका.

एकादशीची काळजी तर अजिबात नको. थंडी सुरू झाली की तिथल्या सुपरमार्केटच्या दारातच गरम खड्यांवर भाजलेली रताळी ठेवलेली असतात. साल काळपट, आतून पिवळीधमक आणि मधासारखी चिकट. त्यात तूप नाही, दाशी नाही, काही नाही. कार्तिकीला याहून चांगला फराळ पंढरपुरातही मिळायचा नाही.

प्रश्न : जपानी लोकांच्या रक्तातच शिस्त असते असं आमचे सर सांगतात. आपल्या लोकांत ती का येत नाही?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : रक्तात काही नसतं रे बाबा. निदान ओसाकाच्या तरी नाही. या शहराची जपानमध्ये ख्याती अगदी उलटी आहे : घाईची माणसं, मोठ्याने बोलणारी, सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच एक पाय रस्त्यावर टाकणारी. स्टेशनाबाहेर नको तिथे सायकली लावतात. मग महापालिकेची माणसं त्यांना चिठ्ठ्या बांधतात आणि पुन्हा येऊन ट्रकमध्ये भरून नेतात. सोडवायला पैसे पडतात. रस्त्यावर सिगारेट ओढायला २७ जानेवारी २०२५ पासून संपूर्ण शहरात बंदी आहे, दंड १,००० येन, आणि तो वसूल करणारी माणसं खरोखर फिरतात. शिस्त रक्तात असती तर या माणसांना पगार कशाला दिला असता?

हवेचंही तेच. ओसाकाच्या निशियोदोगावा भागात कारखान्यांच्या आणि हमरस्त्यांच्या धुराने लोकांना दम्याने घेरलं होतं. ते १९७८ मध्ये कोर्टात गेले, कंपन्यांवर आणि सरकारवरही दावा लावला. कंपन्यांनी तडजोड केली ती १९९५ मध्ये. आज तिथे उभं राहून ‘किती स्वच्छ हवा’ म्हणताना ही सतरा वर्षं हिशेबात धरावी लागतात.

आता सकाळच्या गल्लीत ये. कचऱ्याची गाडी ठरलेल्या वारीच येते. पारदर्शक पिशव्या एका जागी रचून वर निळी किंवा पिवळी जाळी टाकतात, कारण कावळे पिशव्या फाडतात. गाडी गेली की जाळी गुंडाळायची, जागा झाडायची, पाणी मारायचं. हे करतं कोण? पुष्कळ गल्ल्यांत घरोघर पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक छोटी पाटी अडकवलेली, ती आठवड्याने शेजारच्या दाराला जाते. थोड्या वेळाने शाळेची मुलं रांगेने निघतात, पाठीवर कडक चामडी दप्तर, पुढे एक मोठा मुलगा, मागे एक मोठी मुलगी. चौकात पिवळा झेंडा घेऊन सत्तरीचा एक गृहस्थ उभा असतो. त्याला कोणी पगार देत नाही. काही चौकांत आयांची पाळी लागते.

मी टॉवेलवाला, माझं लक्ष आधी माणसाच्या गळ्याकडे जातं. त्या शहरात गळ्यात टॉवेल कोणाच्या असतो ते बघ. झेंडेवाले आजोबा. कचऱ्याच्या गाडीमागे धावणारी दोन पोरं. रस्ता खणणारे. बांधकामाबाहेर दिव्याची कांडी हलवत ‘इकडून जा’ सांगणारा म्हातारा. त्याच सुमारास कोट घातलेली माणसं स्टेशनाकडे जात असतात. त्यांच्या हाताला टॉवेल लागतो तो दुपारी हॉटेलात, गुंडाळलेला, ओला, गरम. बाहेरून गेलेला पाहुणा या कोटवाल्यांना भेटतो, रेल्वे वेळेवर आली म्हणून खूश होतो आणि घरी येऊन शिस्तीवर व्याख्यान देतो. ज्याला आपण शिस्त म्हणतो ती बरीचशी कुणाची तरी फुकट घातलेली सकाळ असते. आपण तिकडून घोषणा उचलून आणतो, पाळीचा तक्ता आणत नाही.

आणि तो तक्ता सुखाचाही नाही. पाळी चुकवणारा लगेच कळतो, शेजारी तोंडावर काही बोलत नाहीत, पण वागण्यात फरक पडतो. भाड्याने राहणारी तरुण मंडळी हल्ली या गल्ली-मंडळांत नाव घालायलाच तयार नसतात. झेंडा धरणारे म्हातारे होत चाललेत. देशात ६५ च्या पुढची माणसं शंभरात एकोणतीसच्या आसपास आहेत. पुढे झेंडा कोण धरणार हा प्रश्न तिथले लोक एकमेकांना विचारतात, मला विचारत नाहीत.

रस्त्यात कचरापेट्या का नाहीत, असं तू ताजा कलममध्ये विचारलं आहेस. १९९५ मध्ये तोक्योच्या भुयारी रेल्वेत विषारी सारिन वायू सोडला गेला, त्यानंतर सार्वजनिक पेट्या मोठ्या प्रमाणावर काढून टाकल्या. लोक कचरा पिशवीत घालून घरी नेतात. मीही खिशात केळ्याची साल घेऊन मीटिंगला बसलोय.

प्रश्न : तिथल्या बायकांचं रोजचं कसं चालतं? नोकरी, घर, मुलं सगळं त्याच बघतात का?
— गृहिणी, बार्शी

उत्तर : ताई, मी बघितलं ते रस्त्यावरचं आणि दुकानातलं, घरातलं फार नाही. रस्त्यावर जे दिसतं ते सायकलवर दिसतं. पुढे एक मूल, मागे एक मूल, हँडलला भाजीची पिशवी, बॅटरीवर चालणारी सायकल, आणि पाऊस असेल तर तिघांवर प्लॅस्टिकचं आवरण. मध्यमवयीन बायका हँडलवर छत्री बसवायची लोखंडी क्लिप लावतात. हे खास ओसाकाचं. उन्हात आणि पावसात दोन्ही हात मोकळे.

माझा व्यवहार ज्या कार्यालयाशी आहे तिथे नमुने तपासण्याचं सगळं काम एक बाई बघतात. त्यांच्या कार्डावर एक आडनाव आहे आणि सरकारी कागदांवर दुसरं. जपानी कायद्याने नवरा-बायकोला एकच आडनाव घ्यावं लागतं. कोणाचं घ्यायचं ते जोडप्याने ठरवायचं, पण शंभरात पंचाण्णव वेळा ते नवऱ्याचंच निघतं. कामावर जुनं नाव चालवतात, बँकेत नवं. हा कायदा बदला म्हणून कोर्टापर्यंत जाऊन झालंय, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये कायदा घटनेला धरूनच असल्याचं म्हटलं. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलायची कायद्याची सक्ती नाही हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मिदोसुजी या मुख्य भुयारी रेल्वेमार्गावर बायकांचा वेगळा डबा आहे. आपल्याला मुंबई लोकलमुळे त्याचं नवल नाही, पण का ठेवावा लागला याचं कारण दोन्हीकडे एकच.

प्रश्न : मी कापडाचा व्यापारी. जपानला माल पाठवायचा विचार आहे. तिथले लोक दर फार पाडतात का? पैसे बुडतात का?
— इचलकरंजी

उत्तर : पैसे बुडण्याची भीती मला तिथे कधी वाटली नाही. महिनाअखेरीस हिशेब बंद, पुढच्या महिनाअखेरीस पैसे, ही तिथली सर्वसाधारण रीत आहे आणि ठरलं ते ठरलं. त्रास वेगळ्याच ठिकाणी होतो.

पहिला त्रास वजनाचा. आपण जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, असं बोलतो, ते टॉवेल अजून मोम्मेत मोजतात. एक मोम्मे ३.७५ ग्रॅम, आणि आकडा डझनाचा असतो. ‘दोनशे मोम्मे’ म्हणजे डझनाला ७५० ग्रॅम, एका टॉवेलला साधारण ६२ ग्रॅम. हा तिथला जाहिरातीचा टॉवेल : नवीन वर्षाला दुकानदार गिऱ्हाइकाला देतो, नवा भाडेकरू शेजाऱ्यांना देतो, कंपनीचं नाव छापलेला. पातळ, पण खप प्रचंड. आपला सोलापुरी जाड टॉवेल दाखवलात तर ते हात फिरवून कौतुक करतील आणि ऑर्डर पातळाचीच देतील. तिथल्या उन्हाळ्यात हवा एवढी दमट की जाड टॉवेल वाळतच नाही, आणि वाळत घालायला असतो फक्त फ्लॅटचा सज्जा.

दुसरा त्रास पाणी शोषण्याचा. ओसाकाच्या दक्षिणेला, कान्साई विमानतळासमोरच, इझुमिसानो नावाचं गाव आहे. जपानचा टॉवेलधंदा १८८७ मध्ये तिथे सुरू झाला. त्या भागात टॉवेल आधी विणतात आणि ब्लीचिंग-धुलाई नंतर करतात, त्यामुळे ताण्याला लावलेली खळ पूर्ण निघून जाते आणि टॉवेल पहिल्या दिवसापासून पाणी पितो. आमच्याकडे सूत आधी रंगतं, मग विणतं, आणि दोन-चार धुण्यांनंतर टॉवेल सुधारतो. सोलापुरात हे गिऱ्हाइकाला सांगावं लागत नाही, त्याला माहीत असतं. तिथे कोणी ऐकून घेत नाही. शिकोकू बेटावरच्या इमाबारीत टॉवेलवर गावाचा शिक्का मिळवायचा तर कापडाचा तुकडा पाण्यावर टाकल्यावर पाच सेकंदांत बुडायला लागतो. इमाबारीचा शिक्का आपल्याला नकोच आहे, पण खरेदीदाराच्या डोक्यात ते पाच सेकंद असतात. वाटी, पाणी आणि घड्याळ घेऊन तो तुमच्यासमोर बसेल. आम्ही शेवटी निर्यातीच्या मालासाठी धुलाईची एक पायरी वाढवली.

तिसरा आणि सगळ्यात मोठा : सुई. टॉवेलच्या कडा शिवताना मशीनची सुई तुटते, हे कोणाकडेही होतं. जपानी खरेदीदाराला त्या तुटक्या टोकाची जेवढी धास्ती असते तेवढी दुसऱ्या कशाची नसते. सुई तुटली की काम थांबवायचं, सगळे तुकडे शोधायचे, रजिस्टरमध्ये चिकटपट्टीने लावायचे, वेळ आणि मशीनचा नंबर लिहायचा, आणि मगच नवी सुई द्यायची. एक तुकडा सापडला नाही तर तेवढा माल बाजूला. शेवटी प्रत्येक नग निडल डिटेक्टरमधून, म्हणजे सुईचा तुकडा पकडणाऱ्या यंत्रातून जातो. यंत्र नीट चालतंय का हे बघायला १.२ मिलिमीटरच्या लोखंडी गोळीचं कार्ड ठरलेल्या वेळी त्यातून सोडायचं आणि तीही नोंद ठेवायची. पॅकिंगला स्टेपलरची पिन चालत नाही, कारण यंत्र तिच्यावरही ओरडतं. आमच्या शिलाईखात्यातल्या बायकांना सुरुवातीला हा शुद्ध छळ वाटला आणि त्यांनी तेलुगूत मला काय काय म्हटलं ते इथे छापता येणार नाही. आता गावातल्या गिऱ्हाइकाच्या मालाची सुई तुटली तरी त्या आधी तुकडे गोळा करतात.

दराचं म्हणाल तर घासाघीस होते, ओसाका व्यापाऱ्यांचंच शहर आहे. फक्त ‘नाही’ हा शब्द ऐकायला मिळत नाही. ‘अवघड आहे’ असं म्हणून त्याने हवा तोंडात ओढली की समजायचं. होकारही लगेच येत नाही, कागद या टेबलावरून त्या टेबलावर शिक्के घेत फिरतो. मात्र एकदा होकार आला की तुमच्याकडून उशीर झालेला कोणी ऐकून घेत नाही.

पहिल्यांदा जाल तेव्हा होनमाची स्टेशनला उतरून सेम्बा सेंटर बिल्डिंग बघून घ्या. वरून उंचावरचा हमरस्ता जातो, त्याच्या पोटात ओळीने दहा इमारती, जवळजवळ एक किलोमीटर लांब, १९७० पासून. आत कापडाची, कपड्यांची, टॉवेलांची दुकानं. भाव, पोत, पॅकिंग सगळं हात लावून कळतं. किल्ल्यापेक्षा आपल्याला त्याचा उपयोग जास्त.

प्रश्न : आम्ही किल्लारीजवळचे. भूकंपाची भीती अजून मनातून गेलेली नाही. तिथे लोक कसे झोपतात?
— उमरगा

उत्तर : झोपतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सोलापुरातही आम्ही सगळे रस्त्यावर आलो होतो, त्यामुळे तुमचा प्रश्न मला समजतो. कोबेचा मोठा भूकंप त्यानंतर सोळाच महिन्यांनी झाला, १७ जानेवारी १९९५, पहाटे पावणेसहाला. सहा हजार चारशेवर माणसं गेली. त्यातली बहुतेक पडलेल्या घरांखाली सापडली, जुनी लाकडी घरं, वर जड कौलं. आपल्याकडे जाड दगड-मातीच्या भिंती आणि धाब्याची माती, तिथे कौलं. माणूस मारला तो छताने आणि भिंतींनीच, दोन्हीकडे.

मी तिथे असताना एकदा रात्री खोलीतल्या सगळ्या वस्तू किणकिणल्या. मी जिन्याकडे धावलो. खाली काउंटरवरचा पोरगा टीव्हीच्या वरच्या कोपऱ्यातला आकडा बघत होता. तिथे भूकंपाचे दोन आकडे सांगतात, एक भूकंपाचा आणि एक तुमच्या गावात किती हललं त्याचा. त्याने दुसरा आकडा बोटांनी दाखवला, दोन, आणि लिफ्टऐवजी जिन्याने वर जायला खुणावलं. मोठा धक्का येणार असेल तर फोन आधी काही सेकंद कर्कश ओरडतो. तेवढ्यात टेबलाखाली जाता येतं, फार तर. घराघरांत कपाटं भिंतीला खिळवलेली असतात. पलंगाशेजारी बूट आणि बॅटरी ठेवा असं सांगतात, कारण फुटलेल्या काचांवरून अनवाणी पळता येत नाही. मी ही सवय सोलापुरात घरी लावायचा प्रयत्न केला, घरच्यांनी बूट पुन्हा दाराबाहेर ठेवले.

प्रश्न : तुमच्या टिपणात सगळं छानच दिसलं. गरिबी नाहीच का तिथे?
— निवृत्त शिक्षक, कुर्डुवाडी

उत्तर : आहे, गुरुजी. टिपणात आली नाही कारण दोन पानंच होती. शिन-इमामिया स्टेशनच्या दक्षिणेला निशिनारी भाग आहे, तिथल्या एका वस्तीचं जुनं नाव कामागासाकी. १९७० च्या जागतिक प्रदर्शनाच्या बांधकामासाठी देशभरातून रोजंदारीचे मजूर आले त्यातले पुष्कळ इथे राहिले. पहाटे मुकादम गाड्या घेऊन यायचे आणि माणसं मोजून न्यायचे. कुर्डुवाडी जंक्शनवर आपण मजुरांचे अड्डे बघितलेत, त्यामुळे वर्णनाची गरज नाही. मग काम आटलं आणि माणसं म्हातारी झाली. आज गल्लीत फिरलं तर साठी-सत्तरीचे एकटे पुरुष दिसतात, पुष्कळांचं सरकारी मदतीवर चालतं. तीन चटयांची एक खोली, म्हणजे आपल्या हिशेबात जेमतेम सहा बाय नऊ फूट. गळ्यात टॉवेल. तोही कुठल्याशा कंपनीचं नाव छापलेला, फुकट मिळालेला.

त्यातल्याच काही लॉजेसची आता स्वस्त हॉटेलं झालीत आणि परदेशी पाहुणे तिथे उतरतात. मीही उतरलो आहे, पैसे वाचतात. रात्री फिरायला भीती नाही. पण सकाळी फुकट जेवणाची रांग लागते ती बघितल्यावर दुपारी खरेदीदाराच्या कार्यालयात चहा घेताना जपानी नीटनेटकेपणावर चार कौतुकाचे शब्द काढणं जरा जड जातं. समुद्रातल्या बेटावर भरलेल्या २०२५ च्या जागतिक प्रदर्शनाची चकचकीत चित्रं आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत आली, एप्रिल ते ऑक्टोबर तिकडे झुंबड होती. ते बेट आणि ही वस्ती एकाच शहरात आहेत.

प्रश्न : हरवलेलं पाकीट परत मिळतं म्हणे. खरं का?
— सांगली

उत्तर : बहुतेक वेळा, हो. चौकाचौकांत छोटी पोलीस चौकी असते, सापडलेली वस्तू तिथे द्यायची. पण नुसत्या चांगुलपणावर सोडलेलं नाही. कायद्याने सापडवणाऱ्याला मालकाकडून किमतीच्या ५ ते २० टक्के बक्षीस मागता येतं, आणि तीन महिन्यांत मालक आला नाही तर बहुतेक वस्तू सापडवणाऱ्याची होते. छत्र्या मात्र कोणी न्यायला येत नाही, त्यांचे ढीग पडतात.

प्रश्न : तोक्यो आणि ओसाका यांत फरक काय?
— डोंबिवली

उत्तर : सरकत्या जिन्यावर तोक्योत डावीकडे उभं राहतात, ओसाकात उजवीकडे. अनोळखी बाई पिशवीतून गोळी काढून तुमच्या हातावर ठेवेल, तेही ओसाकातच. बाकीचं दोन्हीकडे राहिलेल्या माणसाला विचारा.

प्रश्न : रोख पैसे किती न्यावेत? कार्ड चालतं का?
— सोलापूर

उत्तर : कार्ड चालतं, पण छोटी उपाहारगृहं आणि सार्वजनिक स्नानगृहं अजून रोख मागतात. रेल्वेचं कार्ड काढून घ्या, ते दुकानांतही चालतं. कर १० टक्के, खाण्याच्या वस्तूंवर ८. पण तोच भाताचा गोळा दुकानातल्या खुर्चीत बसून खाल्लात तर १०, उभ्याने बाहेर नेलात तर ८. सोलापूरकराने हे लक्षात ठेवलंच पाहिजे.

नोटा नीट बघा. जुलै २०२४ मध्ये नव्या आल्या. हजाराच्या नोटेवर कितासातो शिबासाबुरो आहेत, १८९४ मध्ये हाँगकाँगच्या प्लेगात जंतू शोधायला गेलेले डॉक्टर. दोनच वर्षांनी तो प्लेग मुंबईत उतरला आणि १८९७ मध्ये पुण्यात काय झालं ते आपल्याला पाठ आहे. दहा हजारांच्या नोटेवर शिबुसावा एइइची. त्यांनी ओसाकात मोठी सूतगिरणी काढली, ओसाकाला पूर्वेचं मँचेस्टर म्हणू लागले, आणि त्या गिरण्यांना कापूस हवा होता तो आपला. जमशेटजी टाटा जपानला जाऊन त्यांना भेटले आणि १८९३ मध्ये कोबे-मुंबई जहाजं सुरू झाली. म्हणजे आपला कापूस तिकडे गेला, सूत होऊन इतर बाजारांत गेला, आणि सव्वाशे वर्षांनी मी टॉवेल घेऊन तिथे दाराशी उभा.

प्रश्न : मुलगा बारावी झालाय. एक एजंट म्हणतो, जपानमध्ये वृद्धांच्या सेवेची नोकरी लावतो. पाठवू का?
— अकलूज

उत्तर : पाठवायचं की नाही ते तुम्ही आणि मुलगा ठरवा, मी माहीत आहे तेवढं सांगतो. कुशल कामगारांसाठीचा एक व्हिसा २०१९ पासून आहे, वृद्धांची सेवा त्यात येते. त्यासाठी कामाची परीक्षा आणि एन-फोर किंवा त्या तोडीची जपानीची परीक्षा द्यावी लागते, सेवेच्या कामासाठी भाषेची आणखी एक. सेवेच्या कामासाठी या व्हिसावर एकूण पाच वर्षं राहता येतं आणि कुटुंब नेता येत नाही. पगार त्याच कामाच्या जपानी माणसाइतका किंवा जास्त हवा, असा नियम आहे. एजंटाने यातलं काय काय सांगितलं आणि काय गाळलं ते ताडून बघा. ‘भाषा तिथे गेल्यावर येईल’ असं म्हणाला असेल तर तिथेच थांबा. पुण्यात जपानी शिकवणारे वर्ग जुने आणि चांगले आहेत. सहा-आठ महिने त्याला तिथे घालू द्या, खर्च एजंटाच्या फीपेक्षा कमीच होईल.

पगारातून राहण्याचे, विम्याचे आणि पेन्शनचे किती कापणार ते करारात आकड्यांत लिहून घ्या, आणि करार त्याला समजणाऱ्या भाषेतही मागा. काम कोणत्या गावात आहे तेही विचारा. ओसाका म्हणून सांगतात आणि संस्था निघते डोंगरातल्या खेड्यात. तिथे राहण्याच्या खोलीपासून कामापर्यंत जायला बस तासाला एक असते. मुलाला सायकल चांगली चालवता येते ना, तेवढं बघा.